घरदार : इस्त्रीवाल्याला विचारा

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की वर जाणारा एरिया वेळेत ओळखता आला तर निम्मं काम झालं, आणि त्यावर एवढे मेल आले की हा अख्खा अंक त्यालाच द्यावा लागतोय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, लांबलचक होते ते कापलेत, रागवू नका.

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही दोघं नोकरी करतो, ऑफिस दोघांचंही लोअर परळला आणि राहतो डोंबिवलीत भाड्याने. लालबाग, शिवडी, भायखळा या पट्ट्यात छोटा वन बीएचके बघतोय. नवरा म्हणतो लालबागला कॅफे निघालेत म्हणजे एरिया वर जातोय, लगेच घेऊ. सासरे म्हणतात गिरणगाव ते गिरणगावच राहणार. कोणाचं ऐकू? – एक वाचक, डोंबिवली

दोघांचंही थोडं थोडं चुकतंय, पण सासऱ्यांना माझं नाव सांगू नका. कॅफे दिसला म्हणजे एरिया वर जाणार असं नाही, तो गेलाय. कॅफेवाल्याला महिन्याचं भाडं काढायचं असतं, दीड-दोनशे रुपयाची कॉफी रोज पिणारं गिऱ्हाईक आसपास राहायला आल्याशिवाय तो कशाला दुकान टाकेल? म्हणजे पैसेवाली माणसं त्याच्या दोन-चार वर्षं आधीच आलेली असतात. कॅफे बघून घर घेणं म्हणजे गाडी सुटल्यावर इंडिकेटर बघणं.

याला जेंट्रिफिकेशन म्हणतात, रूथ ग्लास नावाच्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६४ मध्ये लंडनबद्दल लिहिताना हा शब्द काढला. तिथे इस्लिंग्टनसारख्या भागातली कामगारांची जुनी घरं मध्यमवर्गीय लोक एकेक करून घेत होते, डागडुजी करून राहायला येत होते आणि जुने भाडेकरू बाहेर पडत होते. आपल्या मुंबईत असं घर-घर होत नाही, कारण भाडेनियंत्रणामुळे आणि पगडीमुळे (एकरकमी पैसे देऊन घेतलेली भाड्याची खोली) जुना भाडेकरू सहजासहजी हलतच नाही. त्यामुळे इथे जे होतं ते बिल्डिंग-बिल्डिंग होतं. अख्खी चाळ पडते, जागेवर टॉवर, आणि जुने लोक त्याच आवारात मागच्या बाजूला रीहॅबमध्ये, म्हणजे त्यांच्यासाठी बांधलेल्या वेगळ्या इमारतीत. म्हणून लंडन-न्यूयॉर्कची कॅफे मोजायची युक्ती इथे चालत नाही, इथे पत्रे मोजायचे, म्हणजे बांधकामाच्या प्लॉटभोवती लावतात ते. गल्लीत किती प्लॉटना पत्रे लागलेत, किती चाळींवर विकासकाचं अभिनंदन करणारा फ्लेक्स आहे, आणि तो फ्लेक्स किती जुना आहे. उन्हाने पांढराफटक पडलेला फ्लेक्स आणि आत चाळ जशीच्या तशी असेल तर समजा प्रकरण कुठेतरी अडकलंय, संमती नाहीतर पैसा नाहीतर कोर्ट. तीन-चार ताजे पत्रे आणि आत मशीन चालू असेल तर ती गल्ली खरंच बदलतेय. पावसाळ्याआधी म्हाडा दरवर्षी उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींमधल्या अतिधोकादायक इमारतींची यादी काढतं तीही बघा, पुढे कुठली इमारत रिकामी होणार याचा अंदाज त्यात मिळतो.

आता वेळेचं. गिरणगावाचंच घ्या. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर. गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करायचा नियम १९९१ मध्ये आला, २००१ मध्ये तो बदलला आणि गिरणीमालकांना बरीच जास्त जागा सुटली, २००५ मध्ये एनटीसीच्या (सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या) गिरण्या विकल्या गेल्या, त्यात एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो बदललेला नियम कायम ठेवल्यावर मग टॉवरची रांग लागली. संपापासून मोजलं तर वीस-पंचवीस वर्षं झाली की! १९९३ ला करी रोडला खोली घेणाऱ्याचा अंदाज बरोबरच होता, फक्त त्याला दहा-बारा वर्षं कळ काढावी लागली. तुमच्या ईएमआयला तेवढी कळ आहे का हे आधी ठरवा.

मी स्वतः एरिया बघायला जातो तेव्हा ब्रोकरला सोबत नेत नाही. आधी इस्त्रीवाला. त्याच्याकडे कुणाचे कपडे येतात बघा, नुसत्या साड्या-सफारी येतात की ऑफिसचे वीस-वीस शर्ट एका घरातून येतात, आणि नगाला तो काय घेतो, दोन वर्षांपूर्वी काय घेत होता. त्याला सगळी बिल्डिंग माहिती असते, कोण सोडून गेलं, कोण भाड्याने आलं, कोणाचा फ्लॅट वर्षभर रिकामा पडलाय. मग घरकाम करणाऱ्या एखाद्या मावशींशी बोला, यंदा नवीन कामं किती लागली आणि पोळ्यांचा रेट काय झाला, मला तरी हा रेट सरकारी रेडी रेकनरपेक्षा (सरकारने ठरवलेल्या जागेच्या दरांपेक्षा) जास्त खरा वाटतो. आणि सकाळी साडेसहाला नाक्यावर उभे राहा, स्कूलबसवर कुठल्या शाळांची नावं आहेत ते वाचा. आईबाप मुलांची शाळा आधी बदलतात, पडदे नंतर.

नावाचीही एक गंमत. लोअर परळचं अप्पर वरळी कधी झालं कळलंच नाही, वडाळ्यात न्यू कफ परेड उभं राहिलं. ब्रोकर शेजारच्या महागड्या एरियाचं नाव घ्यायला लागला की समजा वाढ भावात आधीच धरलेली आहे, तुमच्यासाठी काही उरलेली नाही.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. माणसं आणि ऑफिसं झपाट्याने येतात, रस्ते-पूल आपले तिथेच. गिरण्यांच्या जागी ऑफिसं झाली, लाखो लोक रोज उतरायला लागले आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा जिना तोच अरुंद राहिला, सप्टेंबर २०१७ मध्ये तिथल्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. डिलाईल रोडचा पूल २०१८ ला बंद झाला तो पूर्ण उघडायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. आता शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी एल्फिन्स्टनचा जुना पूल सप्टेंबर २०२५ पासून बंद. त्यामुळे एरिया वर जातोय याचा अर्थ पुढची पाच वर्षं धूळ, ड्रिलिंग आणि लांबून वळसा असाही होतो, तो भोगायची तयारी ठेवा.

माझं मत विचाराल तर तुम्हाला राहायला हवंय, ऑफिस जवळ आहे, लालबागच्या नवीन टॉवरमागे धावू नका, शिवडी बघा. जानेवारी २०२४ पासून नवी मुंबईकडे जाणारा अटल सेतू तिथून सुटतो, जोडरस्त्याचं काम चालू आहे आणि भाव अजून लालबागएवढे डोक्यावर बसलेले नाहीत. मात्र शिवडीत पूर्वेची पुष्कळ जमीन पोर्टची, भाडेपट्ट्यावरची आहे, लीज किती वर्षांची आणि रिन्यू झालीय का हे वकिलाला दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. भाव ब्रोकरकडून ऐकायचा नाही, नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून त्याच बिल्डिंगचे शेवटचे चार-पाच इंडेक्स टू (झालेल्या व्यवहारांच्या नोंदणीचे उतारे) काढायचे. आणि वर्षाचं भाडं भागिले किंमत करून बघा, मुंबईत साधारण दोन-तीन टक्के येतं, त्याच्याही खाली गेलं तर पुढच्या वाढीचे पैसे तुम्ही आजच भरताय.

प्रश्न : भायखळ्याला पगडीची खोली स्वस्तात मिळतेय, रीडेव्हलपमेंट दोन वर्षांत होणार म्हणतात. घेऊन ठेवू का? – एक वाचक, ठाणे

दोन वर्षं कोण म्हणतं, विकणारा ना? पगडीत तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता. मालकाची लेखी संमती आणि तुमच्या नावाची भाडेपावती पाहिजे, ट्रान्स्फरला मालक साधारण एक तृतीयांश रक्कम मागतो, बँक सहसा लोन देत नाही, म्हणजे सगळे रोख स्वतःचे. पैसे पंधरा वर्षं विसरता येत असतील तरच. माझ्या एका नात्यातल्या माणसाने अशी खोली घेतली तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता ती इंजिनिअर आहे आणि चाळ अजून टेकूवर.

प्रश्न : मुलगा हिंजवडीला नोकरीला आहे. एजंट म्हणतो मेट्रो सुरू झाली की भाव दुप्पट, एरिया टॉप होणार, आत्ताच बुक करा. आम्ही सांगलीला असतो, आम्हाला तिथलं काही कळत नाही. – एक वाचक, सांगली

काका, अशा तारखांवर माझा स्वतःचा हात भाजलाय. मोनोरेल येणार म्हणून वडाळ्याच्या बाजूला एका एजंटच्या बोलण्यावर गाळा घेतला, पहिला टप्पा २०१४ ला चेंबूरकडे धावला आणि जेकब सर्कलपर्यंत यायला २०१९ उजाडलं, तोवर गाळा तोट्यात विकून मोकळा झालो होतो. पुण्याचं बघा, मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६, वनाझ ते गरवारे हा पहिला तुकडा मार्च २०२२, आणि भुयारातून स्वारगेटपर्यंत गाडी सप्टेंबर २०२४. हिंजवडीच्या लाइनचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं आहे, तारखा कितीदा पुढे गेल्या ते मुलाच्या ऑफिसात कोणीही सांगेल.

भाव तीनदा वाढतो, घोषणा झाली की, खांब उभे राहिले की आणि गाडी सुरू झाली की, यातल्या पहिल्या दोन वाढी एजंटने तुमच्या रेटमध्ये आधीच घातलेल्या असतात. शिवाय माळरानावर नवीन टॉवर उभे राहणं आणि जुना मोहल्ला बदलणं हे एक नाही. हिंजवडीकडे मोकळी जमीन अजून पडून आहे, तुमच्या फ्लॅटसमोर आणखी दहा टॉवर येतील आणि विकायला जाल तेव्हा तेच बिल्डर नवीन फ्लॅट घेऊन तुमच्याशी स्पर्धा करतील. जुन्या एरियात जमीन संपलेली असते म्हणून तिथला भाव टिकतो. मुंढवा-घोरपडीकडे बघा, कोरेगाव पार्कात परवडेना तसे लोक सरकत सरकत तिकडे गेले. वाढ अशी शेजारून पाझरत येते, तिला एजंट लागत नाही.

आणि पाणी! सोसायटीत जाऊन मार्च ते मेचं टँकरचं बिल मागा. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं पुणे पालिकेत आली, त्यातली उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे बाहेरही काढली, म्हणजे पालिकेत आलं म्हणून नळाला पाणी आलं असं धरू नका. ताबा कधी हे एजंटला न विचारता महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून बघा, मुदतवाढ किती वेळा घेतली तेही तिथे दिसतं. मुलाला सांगा सहा महिने तिथेच भाड्याने राहा, मग ठरवू.

प्रश्न : आम्ही जर्सी सिटीत आहोत, इथे घर घ्यायचंय. तुमचे इस्त्रीवाल्याचे नियम इथे चालतील का? – एक वाचक, न्यू जर्सी

इस्त्रीवाला नाही मिळणार, पण लाँड्रोमॅट आहे ना, ते बंद होऊन तिथे योगा स्टुडिओ आला तर समजून जा. तिकडचा खरा चटका टॅक्सचा असतो. जर्सी सिटीने २०१८ मध्ये तीस वर्षांनी सगळ्या घरांचं नव्याने मूल्यांकन केलं आणि डाउनटाउनसारख्या वर गेलेल्या भागात कित्येकांचा प्रॉपर्टी टॅक्स एकदम उडाला, घर तेच, पगार तोच. तेव्हा घराच्या किमतीबरोबर टॅक्स वाढला तर हप्ता झेपेल का तेवढं बघा, बाकी न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ ट्रेनला चालत किती मिनिटं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती.

प्रश्न : मी लालबागचीच, चाळीत जन्मले, आता वय ६१. तुम्ही सगळ्यांना इथे घर कसं घ्यायचं शिकवता. आमची चाळ पाडून टॉवर होणार, आम्हाला आत्ताच्या खोलीच्या अडीचपट जागा मिळणार म्हणतात. मुलगा म्हणतो मिळाली की विकून बदलापूरला मोठं घर घेऊ. मेंटेनन्स आम्हाला झेपणार नाही म्हणतो. खरं आहे का? – एक वाचक, लालबाग

ताई, तुमचा राग रास्त आहे, मी शिकवतो ते बहुतेक तुमच्या शेजारी राहायला येणाऱ्यांना. मुलाची भीती खोटी नाही, चाळीत महिन्याचं भाडं नाममात्र असतं आणि टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, सिक्युरिटी सगळ्याचं बिल येतं, पहिल्या दोन वर्षांत बऱ्याच घरांची दमछाक होते ती इथेच. पण एक दिलासा आहे, मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तो खर्च यात धरू नका. राहिला मेंटेनन्स, तो कॉर्पस फंडाच्या (बिल्डरने सोसायटीला द्यायच्या ठेवीच्या) व्याजातून निघाला पाहिजे, म्हणून प्रत्येक घरामागे कॉर्पस किती आणि तो सोसायटीच्या खात्यात कधी जमा होणार हे करारात आकड्यात लिहून घ्या, तोंडी नको. रीहॅबला लिफ्ट किती, रीहॅबचा आणि विक्रीच्या टॉवरचा मेंटेनन्स वेगळा की एकत्र, हेही. एकत्र असेल तर समोरच्यांच्या स्विमिंग पूलचा खर्च तुमच्या बिलात येईल, सही करण्याआधी भांडा.

विकायचं मात्र आत्ता ठरवू नका. ओसी (राहायला परवानगीचा पालिकेचा दाखला) हातात नाही, चावी नाही, आणि आत्ताच गिऱ्हाईक आलंय म्हणून सांगणारे खूप येतील, ते नुसत्या कागदावरची खोली स्वस्तात उचलतात. वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० च्या घरात पहिली कुटुंबं ऑगस्ट २०२५ पासून जायला लागली, तिथे ओळखीचं कोणी असेल तर महिन्याचं बिल प्रत्यक्ष बघून या. बदलापूरला घर मोठं मिळेल हे खरंय, पण रोजची गाडी, तुमचा डॉक्टर आणि बहीण-भावंडं सगळी इकडे असतील तर तो हिशोबही मुलाला कागदावर मांडायला लावा. तोपर्यंत करारनाम्याच्या मसुद्याची झेरॉक्स मला पाठवा, नावं आणि खोली नंबर खोडून, कॉर्पसची आणि ट्रान्झिट भाड्याची (बांधकाम चालू असताना बाहेर राहायला मिळणाऱ्या भाड्याची) कलमं पुढच्या अंकात एकेक करून बघू.