गाव धरणात गेलं, मासे मात्र ठेकेदाराचे

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही महादेव कोळी. आमचं जुनं गाव आजोबांच्या काळात धरणात गेलं, आता वर कडेला पाडा आहे. वीसेक घरं धरणात मासेमारी करतात, होडी दोघा-तिघांकडेच, बाकीचे टायरच्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. ठेका बाहेरच्या माणसाकडे आहे, जाळ्यासाठी उचल त्याचीच घेतलेली म्हणून मासळी तो म्हणेल त्या भावाने त्यालाच द्यावी लागते. ६० टक्के सबसिडी आहे असं ऐकून ऑफिसात गेलो तर म्हणाले आधी खर्च करा, मग बिलं आणा. बँकेत सातबारा मागितला. मग ही योजना नक्की कुणासाठी आहे?
— एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : दादा, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे आणि तो तुम्ही ग्रामसभेत, तालुक्याला, सगळीकडे असाच विचारायला हवा. तुम्ही म्हणताय ती २०२० साली सुरू झालेली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना. त्यात अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे, बाकीच्यांना ४०. ऐकायला छान वाटतं, पण अनुदान कामाच्या मागून येतं, म्हणजे समजा ३ लाखांचं काम असेल तर १ लाख ८० हजार सरकारचे असले तरी सुरुवातीला पैसा तुम्हालाच उभा करावा लागतो, आणि ज्याच्याकडे जाळ्यालाच पैसे नाहीत तो तीन लाख कुठून आणणार? त्यामुळे ज्यांच्या हाताशी आधीच भांडवल आहे ते पुढे जातात आणि ज्यांचं गाव बुडालं ते ट्यूबवरच राहतात. हा अन्याय आहे, आणि तो नियम लिहिणाऱ्यांनीच दुरुस्त करायला हवा, आदिवासी संस्थांना पहिला हप्ता आगाऊ मिळालाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण आज तुमच्या हातात काय आहे ते बघू. माझं म्हणणं एकच, सबसिडीच्या मागे धावण्याआधी पाण्यावरचा हक्क कागदावर आणा. कारण कर्ज, अनुदान, विमा, सगळीकडे पहिला प्रश्न तोच येतो, या पाण्यात तुम्ही कोण? ठेका दुसऱ्याचा असेल तर तुम्ही फक्त मजूर ठरता.

म्हणून सगळ्यात आधी माहिती अधिकारात मत्स्यव्यवसाय विभागाकडून तुमच्या धरणाच्या ठेक्याची प्रत मागा. ठेका कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते, सभासद यादी काय. कितीतरी ठिकाणी ठेका कागदावर मच्छीमार सोसायटीचा असतो आणि पाण्यावर राज्य व्यापाऱ्याचं, यादीत जाळं टाकणारा माणूसच नसतो. तुमच्याकडे तसं निघालं तर वीस घरांनी मिळून सभासदत्वाचे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच फार महत्त्वाची. सोबत बायकांचीही नावं घाला, मासळी निवडणं-विकणं त्याच करतात ना!

दुसरं, वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(घ). यात मासे आणि पाणवठ्यातलं उत्पन्न हा सामूहिक हक्क म्हणून लिहिलेला आहे. लोकांना वाटतं हा कायदा फक्त जमिनीच्या पट्ट्याचा, तसं नाही. धरणाखाली गेलेली किंवा काठाची जमीन वनखात्याची असेल तर ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे सामूहिक दावा टाका आणि त्यात मासेमारी हा शब्द स्पष्ट लिहा.

हे सगळं होतं का? होतं. घोड नदीवरचं डिंभे धरण घ्या, आंबेगाव तालुक्यातलं. तिथे विस्थापित झालेले तुमचेच महादेव कोळी बांधव शाश्वत संस्थेच्या साथीने उभे राहिले, मच्छीमार सोसायटी काढली, पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीनही कसायला मिळवली, आणि त्या कामाला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

मध्य प्रदेशातल्या तवा धरणाची गोष्ट तर प्रत्येक धरणग्रस्ताला माहीत पाहिजे. ४४ गावं बुडाली, गोंड आणि कोरकू लोकांची. नंतर मासेमारी कधी सरकारी महामंडळाकडे, कधी ठेकेदाराकडे, आणि ज्यांचं घर त्या पाण्याखाली आहे त्यांनाच चोर ठरवलं जायचं. लोक रस्त्यावर उतरले, आणि १९९६ मध्ये सरकारला पाच वर्षांचा ठेका त्यांच्याच संघाला, तवा मत्स्य संघाला, द्यावा लागला. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशाची पिल्लं पाण्यात सोडणं, प्रजननाच्या दिवसांत मासेमारी बंद, बर्फ लावून मासळी लांबच्या बाजारात पाठवणं, हे सगळं त्यांनी स्वतः चालवलं, सरकारला रॉयल्टीही भरली. २००१ मध्ये ठेका वाढला. पण २००६ ला मुदत संपली आणि सातपुडा व्याघ्र प्रकल्पाचं कारण पुढे आलं, पुन्हा ठेका मिळालाच नाही. दहा वर्षं उत्तम काम करूनही! ठेका हा मुदतीचा असतो दादा, म्हणून मी वनहक्काच्या दाव्याचा इतका आग्रह धरतेय. दोन्ही वाटा एकाच वेळी धरा.

आता पैशाचं. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही लागू आहे आणि त्यासाठी शेतजमीनच हवी असं नाही, भाड्याने घेतलेलं तळं किंवा जलाशयही चालतो, मासेमारीचा परवाना मात्र लागतो. बचत गट, संयुक्त देयता गटही (एकमेकांच्या कर्जाची हमी घेणारे) अर्ज करू शकतात. २ लाखांपर्यंत तारण नाही, वेळेत फेडलं तर व्याज ४ टक्के पडतं. सातबारा मागितला तर नकार लेखी मागा. जाळी-होडीसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यूक्लियस बजेटची, म्हणजे आदिवासींच्या छोट्या गरजांसाठी त्या कार्यालयाकडे असलेल्या निधीची, चौकशी करा, आणि पहिल्या मागणीत लाइफ जॅकेट घाला. ट्यूबवरून बुडालेला माणूस परत येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

प्रश्न : आमचा पुण्यातला ग्रुप अशा पाड्याला जाळी भेट देऊ इच्छितो. योग्य का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : भावना चांगली आहे, पण जाळी दोन-तीन हंगामांत फाटतात आणि माणूस परत उचलीसाठी ठेकेदाराच्या दारात. त्यापेक्षा तेवढीच रक्कम गटाच्या खात्यात फिरता निधी म्हणून द्या, म्हणजे सभासद मासळीतून थोडं थोडं फेडतील आणि पुढचा घेईल. शिवाय बर्फाच्या पेट्या आणि बाजारापर्यंतचं गाडीभाडं, यावर कुणीच पैसे देत नाही आणि भाव तिथेच पडतो. जाळीच द्यायची असतील तर आस, म्हणजे जाळ्याचं भोक, किती बोटांची हवी ते आधी त्यांना विचारा, बारीक आसाचं जाळं पिल्लं ओढून आणतं. आणि वनहक्काच्या दाव्यासाठी नकाशे, झेरॉक्स, तालुक्याच्या फेऱ्या यांचा खर्च उचललात तर फारच उत्तम.