जमिनीचं बोला : गोल्फच्या अठरा होलांची वाट

(जमीन, पाणी आणि आखणी यांविषयी वाचकांच्या प्रश्नांना मृदसंधारण खात्यातून निवृत्त झालेल्या सोलापूरच्या एका सर्वेक्षकाची उत्तरं.)

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. टीव्हीवर गोल्फ बघताना नेहमी प्रश्न पडतो की, कोणता होल कुठे आणि कोणता कोणानंतर, हे कागदावर ठरतं की जमिनीवर? आणि सगळ्यात आधी काय ठरवतात?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुझ्या वयाच्या कुणी हा प्रश्न विचारला याचा फार आनंद झाला. सुरुवात कागदावर होते, पण निकाल जमीनच देते. माझी नोकरी समपातळी बांध आखण्यात गेली. निवृत्तीनंतर पुण्याकडच्या एका कोर्सच्या मोजणीचं काम मिळालं, तेव्हा ही आखणी जवळून पाहिली.

आधी समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा लागतो. आपली टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा) इथे पुरत नाही, कारण त्यात दोन रेषांमध्ये बहुधा २० मीटर उंची असते. गोल्फला मीटर-अर्ध्या मीटरचा उतारही महत्त्वाचा. या नकाशावर आर्किटेक्ट आधी ग्रीनच्या जागा शोधतो. ग्रीन म्हणजे जिथे चेंडू खळग्यात घालायचा ती बारीक कापलेल्या गवताची जागा. उतारावरचा एखादा नैसर्गिक टप्पा, छोटं टेकाड, ओढ्याच्या वळणावरचा उंचवटा, जिथे पाणी साचत नाही आणि जी जागा लांबून नजरेत भरते. मग त्या ग्रीनवर कुठून खेळत यावं, हे मागे मागे जात ठरवतात. पार चारचा होल, म्हणजे निष्णात खेळाडूनं चार फटक्यांत संपवावा असा, साधारण साडेतीनशे-चारशे मीटरचा असतो. टी म्हणजे होलाचा पहिला फटका मारायची जागा. तिच्यापासून सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर पहिला चेंडू पडेल, तिथे बऱ्यापैकी सपाट आणि टीवरून दिसणारी जमीन हवी. म्हणजे टी, चेंडू पडायची जागा आणि ग्रीन असे तीन बिंदू एकमेकांशी जुळले की एक होल सापडला.

खरी कसोटी पुढे आहे. सुटे चांगले होल पुष्कळ सापडतात, ते एका वाटेत ओवणं अवघड. अमेरिकेतल्या नेब्रास्कात १९९५ साली सुरू झालेल्या सँड हिल्स कोर्ससाठी बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या आर्किटेक्टच्या जोडीनं वाळूच्या टेकड्यांत शंभराहून जास्त होल शोधले आणि त्यांतून १८ निवडले. उरलेल्यांत चांगले नव्हते असं नाही, पण एका ग्रीनवरून पुढच्या टीवर चार पावलांत पोचता आलं पाहिजे. ॲलिस्टर मॅकेंझी या जुन्या गोल्फ आर्किटेक्टनी १९२० मध्येच लिहून ठेवलं होतं की, दोन होलांमध्ये फार चालावं लागू नये आणि शक्य तिथे नऊ-नऊ होलांचे दोन फेरे असावेत. दोन फेरे म्हटलं की पहिली आणि दहावी टी, नववं आणि अठरावं ग्रीन ही चारही क्लब हाऊसपाशी यायला हवीत. नकाशावर सर्वांत जास्त खोडाखोड तिथेच होते. म्हणून क्लब हाऊसची जागा नुसती रस्ता बघून आधी पक्की करणं मला पटत नाही.

चढ हा दुसरा मुद्दा. बैलगाडीची वाट जशी टेकडी तिरकी चढते, तसा चांगला आर्किटेक्ट होल उताराला आडवे नेत थोडी थोडी उंची कमावतो आणि वर पोचल्यावर माथ्यावरच्या टीवरून खाली दरीत खेळायला देतो. खेळणारा दमत नाही आणि समोरचा सगळा मुलूख त्याला एकदम दिसतो.

सूर्याचंही बघावं लागतं. सकाळी खेळ सुरू होतो, म्हणून पहिले होल पूर्वेकडे तोंड करून नकोत. शेवटचे पश्चिमेकडे नकोत. सुरुवातीलाच पार तीनचा होल दिला तर मागे माणसं खोळंबतात. वाऱ्यासाठी स्कॉटलंडमधलं मुइरफील्ड बघ. पहिले नऊ होल बाहेरून घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, पुढचे नऊ त्यांच्या आत उलट दिशेनं. दिशा सारख्या बदलतात, त्यामुळे वारा कधी तोंडावर, कधी पाठीवर, कधी कुशीत.

त्या पुण्याकडच्या कामावर आर्किटेक्ट मुसळधार पाऊस थांबल्या थांबल्या गमबूट घालून निघायचे. ज्या जागा मी नकाशावर कोरड्या दाखवल्या होत्या, त्यांपैकी एका ठिकाणी घोट्याएवढं पाणी होतं. मुरमाखाली सलग कातळ, पाणी मुरायला वाव नाही. त्यांनी तिथे लाल खुंटी ठोकली आणि तिसरं ग्रीन वीस पावलं वर, तरवडाच्या झुडपांपाशी सरकवलं. एक खड्डा खणायचा नाही, एक पाइप टाकायचा नाही! बुलडोझर लावून वाट्टेल ती जमीन सपाट करता येते हे खरं, पण त्यासाठी आर्किटेक्ट कशाला हवा?

प्रश्न : होल अठराच का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या जुन्या कोर्समुळे. तिथे जाता-येता त्याच ग्रीनवर खेळत आणि फेरी २२ होलांची होत असे. १७६४ मध्ये पहिल्या चार होलांचे दोन केले. ते दोन्ही बाजूंनी खेळले जात, म्हणून २२ चे १८ झाले. पुढे इतरांनी तोच आकडा धरला.

प्रश्न : उत्तर सोलापूर तालुक्यात आमचं २० एकर माळरान पडीक आहे. मुलगा म्हणतो, गोल्फ कोर्स करू. जमेल का?
– एक शेतकरी

उत्तर : पूर्ण कोर्सला दीडशे एकरांच्या आसपास जमीन लागते, तेव्हा तो विचार सोडा. २० एकरांत शंभर-सव्वाशे मीटरचे, पार तीनचे नऊ होल नीट बसतात. पण पाण्याचं आधी बोलू. आपल्याकडे बोअरच्या पाण्यावर गवत हिरवं ठेवायचं, हे मी कुणालाही सांगणार नाही. शेजारच्या विहिरी आटवून खेळ नको. कोरड्या भागांत ग्रीनऐवजी ‘ब्राउन’ करतात, म्हणजे वाळूत तेल मिसळून, दाबून केलेला गोल. पाणी जवळजवळ लागत नाही. तेल जमिनीत झिरपणार नाही, एवढी मात्र काळजी घ्या.

बाकीचं माळ आहे तसं राहू द्या. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांवर गुरं जगतात, आणि नान्नजचं माळढोक अभयारण्य अशाच माळाचं आहे. जमीन अभयारण्याजवळ असेल तर वनखात्याला आधी विचारा. चेंडू मारायच्या पट्ट्यांपुरतंच गवत कापा. चिबड जागा असेल तर ती होलांच्या वाटेत घेऊ नका, तिथे पाणी अडवा.

एक शेवटचं. बांधापलीकडे कुणाची द्राक्षबाग किंवा वस्ती असेल तर होल हद्दीच्या कडेनं घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवा. उजव्या हातानं खेळणाऱ्या नवख्याचा चेंडू बहुधा उजवीकडे भरकटतो. असं फिरवलंत तर हद्द डावीकडे राहते आणि चेंडू तुमच्याच रानात पडतो.