वाफसा येऊ दे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा मी अर्धवट झोपेत होते, म्हणून तोडून बोलले असेन. तू पाठवलेले फोटो सकाळी चष्मा लावून नीट बघितले. सव्वा एकरभर पाणी चकाकतंय, वाटाण्याचं फुगलेलं बी सरीत वर आलंय आणि बांधावर तुझे पांढरे बूट. बूट बघून हसू आलं. रागावू नकोस.

तू तीन गोष्टी विचारल्यास. उद्या ट्रॅक्टर येतोय, लगेच दुबार पेरणी करू का? बोअर मारू का? की सगळं सोडून हिंजवडीला परत जाऊ? पहिलीला उत्तर, नाही. दुसरी तर मला कळलीच नाही. बी पाण्याने सडलं आणि तू आणखी पाणी शोधतोयस! तिसरीचं उत्तर मी आत्ता देणार नाही. रानाला वाफसा आला की मग विचार.

फोनवर तू म्हणालास, वाफसा म्हणजे माती थोडी सुकली की. नाही रे बाबा. चिखलात मातीच्या सगळ्या फटी पाण्याने भरलेल्या असतात, बियाला श्वास घ्यायला जागा नसते. माती पार वाळली की हवा असते पण ओल नसते. दोन्ही एकत्र नांदतात ते मधले मोजके दिवस, तो वाफसा. चार बोटं खालची मूठभर माती घे, दाबून लाडू वळ, कमरेच्या उंचीवरून सोड. फुटून भुगा झाला तर पेर. चपटा होऊन बसला तर घरी जाऊन चहा पी. तुझं वरचं मुरमाड रान दोन दिवसांत वाफशावर येईल, ओढ्याकडची काळी जमीन आठवडा खाईल. एकाच सातबाऱ्यावर दोन वाफसे असतात. ट्रॅक्टरवाल्याला दोन खेपा परवडत नाहीत, म्हणून तो म्हणणार, दादा, एकदम उरकून घेऊ. पहिल्या पेरणीलाही तो हेच म्हणाला होता ना? मृगाची एक सर पडली आणि तुम्ही दोघांनी बी टाकलं. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी खातं दरवर्षी ओरडून सांगतं. तुझ्या मोबाइलवर सगळं जग येतं, हे कसं येत नाही?

मी मोठी शहाणी होते असं समजू नकोस. तुझे काका गेले त्या वर्षी माऊलींची पालखी सासवडहून जेजुरीकडे निघाली, मजूर वारीत पांगले आणि मला घाई सुटली. लोक काय म्हणतील, बाईच्या हातात रान पडीक राहिलं. ओल्या रानात ट्रॅक्टरचा रोटर घातला. वर भुसभुशीत दिसलं, खाली चाकांनी दाबून फरशी झाली. ऊन पडल्यावर अशी ढेकळं निघाली की कुळवाचा दांडा मोडला. वर्षभर त्या रानात काही धड आलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलाही नाही.

दुसरी चूक अंजिरांची. आमच्या बागेत खट्टा, म्हणजे पावसाळ्यातला बहार धरत नाहीत, पावसात तांबेरा पानं खातो, म्हणून मीठा बहार. फळ जानेवारीनंतर. ठिबक नवं होतं, माझी माया उतू जात होती, रोज पाणी सोडायचे. पानं पिवळी पडली की वाटायचं तहानलीत, आणखी सोडायचे. शेवटी कामाला येणारी म्हातारी म्हणाली, बाई, झाडं पाजताय का बुडवताय? एकवीस झाडं मुळातून कुजली होती. वाफसा फक्त पेरणीला लागत नाही, बागेलाही लागतो. काळजीपोटी केलेलं पाणीसुद्धा पाणीच असतं.

आणि 2019. सप्टेंबरातली ती 25 तारखेची रात्र, पुण्यात आंबिल ओढा फिरला आणि इकडे कऱ्हा नदीने काठ सोडला. आमचं खालचं रान गाळाखाली गेलं. चौथ्या दिवशी दिरांनी त्यांच्या हिश्शात ट्रॅक्टर घातला, आणि माझ्याही घालायला निघाले. मी बांधावर आडवी उभी राहिले. वाफसा नाही, चाक पडू देणार नाही. एकोणीस दिवस थांबले. तोवर माझं कांद्याचं रोप वाफ्यातच जून झालं, लागण हुकली. त्या डिसेंबरात कांद्याने किलोला शंभरी ओलांडली. दिरांचा कांदा जानेवारीत निघाला, भाव उतरत होता तरी त्यांनी गोठ्यावर पत्रा टाकला. मी हरभरा खाल्ला. लोक हसले. जाऊबाई अजून तो पत्रा दाखवतात.

पण मी चुकले नाही. पुढच्या पावसाळ्यात त्यांच्या रानात गुडघाभर पाणी तुंबलं. मी बोलून दाखवलं तर म्हणाले, वहिनी, तुमच्यातही तुंबलं होतं. साफ खोटं. माझ्यात फक्त खालच्या कोपऱ्यात तुंबलं, आणि तिथे आधीपासूनच खोलगट आहे. असो. हे तुला का सांगत बसले कोण जाणे.

तर उद्या ट्रॅक्टर नको. आधी ओढ्याच्या बाजूने खोऱ्याने चर काढ, साचलेलं पाणी वाहून जाऊ दे. एवढं काम हातानेच कर, यंत्र आत नको. उरलेलं बी गोणीत कोंडून ठेवू नकोस, घरात जमिनीवर पसर, पण माळवदाच्या गळतीखाली नको. रोज सकाळी वरच्या आणि खालच्या रानातला एकेक लाडू टाकून बघ. वाटाण्याची वेळ अजून गेलेली नाही. आधी वरचंच पेर, खालचं राहिलं तर राहू दे. आणि बूट काढ, अनवाणी चाल, टाच किती रुतते ते पायाला कळतं.

ट्रॅक्टरवाल्याने आगाऊ घेतलेल्या पैशांवरून कटकट केली तर त्याला माझा नंबर दे. तो मला ओळखतो.

तुझी,
काकू