पडद्यावर ३२ टक्के, म्हणजे मेंदू नापास का?

अर्धांगवायूनंतर हात परत यावा म्हणून डोक्यावर टोपी आणि हातात यंत्राचा मोजा अशी जोड थेरपी घेणाऱ्या घरांतून एकच काळजी माझ्याकडे, म्हणजे समुपदेशकाकडे, फिरून फिरून येते. "मॅडम, ते मनच लावत नाहीत हो, टक्के वाढतच नाहीत." किंवा, "यंत्रच सांगतंय की मेंदू काम करत नाही, मग कशाला पैसे घालवायचे?" सगळ्यात थेट बोलले ते तात्या. खुर्चीत टेकता टेकताच म्हणाले, "ताई, आज ३२ आले. शाळेत ३५ ला तरी पास करायचे."

घरचे त्यांना तात्या म्हणतात, म्हणून मीही. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून हे लिहिते आहे.

तात्या दिंडोरी तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, वय साठीच्या आतलं. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद पडली आणि उजवं अंग गेलं. पाय बराच सावरला, काठी घेऊन चालतात. बोलताना शब्द अडतो, पण समजतं सगळं. हात मात्र मुठीत आवळून बसलेला. उपचारासाठी ते नाशिकला इंदिरानगरमध्ये लेकीकडे राहायला आले होते. शहरातल्या एका केंद्रात ही थेरपी सुरू होती आणि काही आठवड्यांतच त्यांनी तिथे जायला नकार द्यायला सुरुवात केली. तिथल्या फिजिओथेरपिस्टने माझ्याकडे पाठवताना चिठ्ठीत लिहिलं होतं, 'रुग्ण सहकार्य करत नाही.' हे वाक्य मला मुळीच आवडत नाही. त्यात पेशंटबद्दल काहीच कळत नाही, फक्त लिहिणारा वैतागलाय एवढं कळतं.

पहिल्या भेटीला काकू (तात्यांच्या पत्नी), मुलगा आणि लेक असे सगळेच आले. मुलाने फोन काढून दाखवला. ज्या ग्रुपवर रोज पिंपळगावचे टोमॅटोचे भाव येतात, त्याच ग्रुपवर तात्यांचे टक्केही जात होते. काल ४१, आज २८. त्याखाली चुलत्यांचे, मेहुण्यांचे हात जोडलेले आणि रडवेले चेहरे. तात्यांच्याही फोनवर तो ग्रुप होताच.

मी प्रत्येकाला विचारलं, हा आकडा कशाचा आहे असं तुम्हाला वाटतं? काकू म्हणाल्या, मेंदू किती जिवंत राहिलाय त्याचा. मुलगा म्हणाला, ते किती मनापासून करतात त्याचा. लेक गप्प राहिली. तात्या म्हणाले, "माझ्या लायकीचा." केंद्रात आकडा रोज सांगत होते, पण तो कसला हे कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून आधी ते समजून घेतलं. मेंदूतल्या पेशींचे अगदी बारीक विद्युत संकेत कवटीवरून टिपता येतात. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून ते पहिल्यांदा नोंदवले. ईईजी म्हणतात तो हाच. हाताचा कारभार पाहणाऱ्या मेंदूच्या भागात, हात स्वस्थ असताना, सेकंदाला साधारण ८ ते १३ ठोक्यांची एक लय चालते. हात हलवायला घेतला की ती दबते. गंमत अशी की हात प्रत्यक्षात हलला नाही, नुसता हलवायचा प्रयत्न केला किंवा हलवतोय असं आतून अनुभवलं, तरी दबते. टोपीचं काम एवढंच, की लय दबली का ते पाहायचं. दबली असं कॉम्प्युटरला वाटलं की मोजा बोटं उघडतो. नाही वाटलं की मोजा गप्प. पडद्यावरचा टक्का म्हणजे इतक्या प्रयत्नांपैकी कितींची दखल कॉम्प्युटरने घेतली, त्याचा हिशोब.

मी तात्यांना सांगितलं, "तुम्ही किती वेळा प्रयत्न केला ते त्या ३२ मध्ये लिहिलेलं नाही. त्याला किती वेळा कळलं, तेवढंच आहे."

"म्हणजे त्याला कमी ऐकू येतं," तात्या म्हणाले. त्या भेटीत पहिल्यांदा हसले.

कमी ऐकू येण्याची कारणं बरीच असतात. झटक्याने जिथे इजा झाली नेमक्या त्याच बाजूचा संकेत यंत्र शोधत असतं, तो क्षीण किंवा सरकलेला असू शकतो. डोक्याला तेल असेल तर टोपीचे इलेक्ट्रोड, म्हणजे संकेत टिपणारी टोकं, नीट लागत नाहीत. लेक रोज सकाळी वडिलांच्या डोक्याला मायेने खोबरेल चोळून त्यांना केंद्रात पाठवत होती, ते थांबवायला सांगितलं. पेंग आली, सारख्या पापण्या मिटल्या, तरी नोंद बिघडते. आणि धडधाकट माणसांतही साधारण १५ ते ३० टक्के लोकांचे संकेत अशा यंत्राला नीट ओळखता येत नाहीत, असं या क्षेत्रातले संशोधक सांगतात. त्यांच्या मेंदूत काही बिघाड नसतो. तात्यांना हे वाक्य मी दोनदा सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं.

मग केंद्राच्या परवानगीने मी एक सत्र पाहायला गेले. तात्या खुर्चीत, टोपी चढवलेली, मोजा बांधलेला, आणि मागे उभा राहून मुलगा ओरडतोय, "तात्या, जोर लावा! लावा जोर!" तात्यांनी दात आवळले, मानेच्या शिरा फुगल्या. फिजिओथेरपिस्टने पडद्यावरच्या मूळ रेषा दाखवल्या. दात आवळल्याबरोबर तिथे नुसता गिचमिड काळा पट्टा उमटत होता. जबड्याच्या आणि मानेच्या स्नायूंचे विद्युत संकेत मेंदूच्या संकेतांच्या कित्येक पट मोठे असतात, त्यात मेंदूचं काही सापडतच नाही. म्हणजे घरचे जितका धीर देत होते, तितका आकडा खाली जात होता. मुलाला हे मी सांगितलं नाही, त्या रेषाच पाहू दिल्या. दुसऱ्या दिवसापासून तो बाहेर बाकावर बसू लागला. ग्रुपवर टक्के टाकणं बंद करायला मात्र त्याला जरा वेळ लागला.

केंद्राला मी एक विनंती केली. तात्यांना आकडा दाखवू नका, मोजा उघडला की नाही एवढंच त्यांना कळू द्या. आकडा तुमच्या कामाचा आहे, त्यांच्या नाही.

त्यावर मुलाचा सरळ प्रश्न होता, "मग यंत्रच सोपं करा ना. प्रत्येक वेळी उघडू दे मोजा, तात्या तरी खूश राहतील." प्रश्न रास्त आहे, आणि काही केंद्रं पेशंट टिकावा म्हणून असं करतही असतील. पण या थेरपीचा जीव त्या जोडणीत आहे. मेंदूने 'उघड' म्हटलं आणि त्याच क्षणी बोटं उघडल्याची जाणीव मेंदूत परत पोचली, तर तुटलेली वाट पुन्हा वापरात येण्याची शक्यता. २०१३ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी झटक्याला बराच काळ लोटलेल्या ३२ रुग्णांवर हेच तपासलं. निम्म्यांचं यंत्र त्यांच्या मेंदूच्या संकेतावर हललं, उरलेल्यांचं आपल्या मनाने, कधीही. व्यायाम दोघांनाही सारखाच दिला. हाताच्या हालचाली मोजायच्या फ्युगल-मायर मापावर लक्षणीय फरक पहिल्या गटात दिसला, सरासरी ३.४ गुणांचा. यंत्र नको इतकं सोपं केलं, तर आपण तात्यांना दुसऱ्या गटात नेऊन बसवणार.

"फक्त ३.४?" मुलगा म्हणाला. हो, तेवढाच. ज्यांचा हात जवळजवळ हलत नव्हता त्यांच्यासाठी तो खरा फरक आहे, पण अशा फरकाने कोणी लगेच छाटणीची कात्री धरत नाही, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. आशा वाढवून ठेवणारा समुपदेशक कुणाच्या कामाचा नसतो.

कात्रीचा विषय असाच निघाला. केंद्रात सूचना असायची, 'हात उघडतोय अशी कल्पना करा.' मी तात्यांना विचारलं, कल्पना करता म्हणजे नेमकं काय करता? म्हणाले, "डोळ्यांपुढे माझा हात दिसतो, टीव्हीवर दिसावा तसा." इथेच अडत होतं. हात बाहेरून पाहणं वेगळं आणि आतून जाणवणं वेगळं. ती लय दबते ती मुख्यतः आतून जाणवण्याने. ज्याच्या हाताने आयुष्यभर बाग छाटली त्याला 'हात उघडा' म्हणण्यात काय हशील? फिजिओथेरपिस्ट आणि मी मिळून सूचना बदलली. ऑक्टोबर छाटणी, काडी कापून झाली, आता पकड सैल सोडा, कात्रीची स्प्रिंग बोटांना मागे ढकलतेय. तात्यांनी डोळे मिटले आणि काडीचे किती डोळे, म्हणजे फुटव्याच्या जागा, राखून छाटायचं हेच आधी सांगायला लागले. आम्ही त्यांना थांबवलं नाही.

त्यानंतर आकडे वाढले का, हे प्रत्येक जण विचारतो. थोडे वाढले, पुन्हा उतरले. तात्या केंद्रात जायला मात्र कुरकुरेनासे झाले, आणि माझ्या दृष्टीने मोजायची गोष्ट तीच होती.

काकूंची भीती निराळीच होती. एकदा एकट्याच येऊन हळूच विचारलं, "टोपीतून करंट सोडतात का? आणि मनातलं सगळं कळतं का त्यांना?" ईईजीची टोपी आत काही सोडत नाही, नुसती टिपते. ती टिपते ते संकेत मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात, मोजतात. घड्याळातल्या पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट धरला, तर ५० मायक्रोव्होल्टचा संकेत त्याच्या तीस हजाराव्या भागाइतका. मात्र काही ठिकाणी जोडीला हाताच्या स्नायूंना विद्युत उत्तेजन देतात, किंवा डोक्यावरून सौम्य प्रवाह देण्याची वेगळी पद्धत वापरतात. त्यात प्रवाह खरोखर दिला जातो. म्हणून केंद्रात विचारायचं, टोपी फक्त नोंद घेते की काही देतेही? पेसमेकर असेल किंवा कधी फिट आली असेल तर ते न विचारता सांगायचं. आणि मनातलं? स्वस्थ आहे की हात हलवू पाहतोय, एवढाच भेद ही टोपी ओळखते. भावकीच्या बांधाच्या वादाबद्दल तात्यांच्या मनात काय आहे ते तिला कळणार नाही, असं मी सांगितल्यावर काकूंचा जीव भांड्यात पडला.

पैशाचा प्रश्न सगळ्यात शेवटी निघाला, तसा तो नेहमीच शेवटी निघतो. मुलाने आयआयटी कानपूरच्या अशाच मेंदूच्या संकेतावर चालणाऱ्या हाताच्या यंत्राची बातमी जपून ठेवली होती आणि मुंबईत व्यायाम करून घेणारा मोठा रोबोट आहे असं कुणाकडून तरी ऐकलं होतं. बागेचा एक तुकडा विकायला काढायचा विचार घरात सुरू होता. कानपूरचं काम आपल्याकडचं आहे, त्याचं कौतुक आहेच. पण ती ८ रुग्णांवरची प्राथमिक चाचणी होती. आणि नुसत्या रोबोटबद्दल बोलायचं तर ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे रोबोटने हाताचा व्यायाम करून घेतला, तरी हाताच्या उपयोगात नेहमीच्या उपचारापेक्षा सरसपणा दिसला नाही. रोबोट वाईट आहे असं यातून निघत नाही. शेकडो वेळा न थकता हात हलवून घेणं त्यालाच जमतं. पण त्यासाठी जमीन विकू नये, असं मी ठामपणे सांगितलं, आणि पुन्हा कुणी विचारलं तरी सांगेन.

दुसऱ्या टोकाचं म्हणणं तात्यांच्या मेहुण्यांचं होतं: सहा महिने उलटले, आता हात येत नसतो. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होतो हे खरं. पण त्यानंतर दार बंद होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२१ मध्ये अशा एका टोपी-हात यंत्राला परवानगी दिली, ती झटक्याला सहा महिने उलटून गेलेल्या रुग्णांसाठीच.

या सगळ्या गडबडीत तात्यांची झोप उडाली आहे, जेवण कमी झालं आहे आणि बागेचं नाव काढलं तरी ते तोंड फिरवतात, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. त्याला घरात आळस, हट्ट, किंवा तेच 'सहकार्य करत नाही' असं नाव पडतं. मी त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टना कळवलं, औषध सुरू झालं. तपासणीत आणखी एक उघडकीला आलं. "एवढ्या गोळ्या कोण खाणार" म्हणून रक्तदाबाची गोळी त्यांनी परस्पर बंद केली होती. दुसरा झटका टाळण्यासाठी ती एक गोळी कुठल्याही मोज्यापेक्षा मोलाची आहे. आता ती लेकीच्या ताब्यात आहे.

केंद्रातला ठरलेला काळ संपला. अंगठा थोडा सुटतो, उजव्या हाताने तात्या कागद दाबून धरतात, पेल्याला आधार देतात. छाटणीची कात्री धरवत नाही. घरी आरशासमोरचा व्यायाम आणि रोजच्या वस्तू हाताळणं चालू आहे. या हंगामात बांधावर खुर्ची टाकून छाटणी मजुरांकडून करून घेतली, आणि मुलाने केलेली छाटणी चुकीची आहे असं सगळ्यांदेखत सांगितलं. त्यावरून दोघांचं वाजलं. मला त्यात चिंता करण्यासारखं काही दिसलं नाही.

हल्ली माझ्याकडे तात्यांपेक्षा काकूच जास्त येतात. झटका आला त्या रात्रीपासून त्या सलग झोपलेल्या नाहीत, पाठ धरली आहे, आणि घरात कुणी त्यांना "तुम्ही कशा आहात" असं विचारलेलं नाही. रात्री तात्यांना उठवण्या-बसवण्याची पाळी मुलाने आणि सुनेने वाटून घ्यावी, यावर सध्या आमचं बोलणं चाललं आहे. सून तयार आहे, मुलगा अजून कां-कू करतोय.