इन्व्हर्टरची बॅटरी रास्पबेरी पायवर बघायचीय? आधी एवढंच कर

भाऊ, लातूरच्या उन्हाळ्यात लाईट गेली की बॅटरी किती उरली हेच सगळे विचारतात, तेव्हा काम चांगलं निवडलंस. पण स्क्रीन, ग्राफ, मोबाईलवर मेसेज हे नंतर. आधी व्होल्टेजचा एक आकडा दिसू दे.

रास्पबेरी पाय म्हणजे छोटा कॉम्प्युटर, त्याला बॅटरीची वायर थेट लावू नकोस. त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या, आणि व्होल्टेज मोजायची सोय त्यात नाहीच. मध्ये व्होल्टेज मोजणारं आयएनए२१९ चं छोटं बोर्ड घे. ते २६ व्होल्टपर्यंत चालतं. दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला एक जोडून) असतील तर ते घेऊ नकोस, चार्जिंगला व्होल्टेज २८ च्या वर जातं.

नवीन पोरं हमखास चुकतात ते इथं:

- इन्व्हर्टरचा सगळा करंट त्या बोर्डातून नेतात. ते जेमतेम ३ अँपिअरचं! मी एक जाळलंय, घरभर वास.
- प्लसच्या वायरीला बॅटरीजवळच १ अँपिअरचा फ्यूज लावत नाहीत.
- पंखे चालू असताना ११.९ व्होल्ट बघून घाबरतात. चार्जिंग आणि लोड दोन्ही बंद करून दोन-तीन तासांनी बघ. १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

आणि पाय इन्व्हर्टरच्याच लाईनवर लाव, नाहीतर लाईट गेल्यावर तोच आधी झोपायचा.

आकडा मल्टिमीटरशी जुळला की सांग, मग स्क्रीनचं बघू.