लग्नात आहेर म्हणून आलेली चांदीची ५०० ची नोट: विकली तर किती मिळतील?

नोटेवरचा ५०० हा आकडा विसरा. हे चलन नाही, त्यामुळे बँकेत त्याला काडीची किंमत नाही. किंमत आहे ती वजनाला. कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘९९९’ (म्हणजे ९९.९ टक्के शुद्ध चांदी) आणि ग्रॅम दिलेत का बघा. ५ ग्रॅम असेल, तर त्या दिवशीचा ग्रॅमचा भाव गुणिले ५, वर सराफ थोडी घट धरणारच. घेताना मोजलेली घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी गेला तो गेला.

बिल नसेल तर आधी तपासून घ्या. नुसता चांदीचा मुलामा दिलेल्या नोटाही अगदी अशाच दिसतात. विकायची नसेल तर मात्र प्लास्टिकचं पाकीट फोडू नका, एवढा पातळ पत्रा हातात घेताच वाकतो आणि हवेने काळा पडतो.