त्रिपुरारीनंतर गावी जावं का?

प्रश्न: दिवाळीत सुट्टी नाही मिळाली, आता त्रिपुरारी पौर्णिमेनंतर पोरांना घेऊन कुडाळजवळ आजोळी जायचा प्लॅन आहे, पण आंबे नाहीत, पोरं बोअर होतील का?

उत्तर: अहो आंब्यांचं सोडा! भातकापणी उरकलेली, खळ्यात गवताची उडवी, पोरांना लोळू दे त्यात, नंतर अंग खाजलं म्हणून बोंबलतील ते वेगळं. मळ्यात कुळीथ पेरतात, तेही दाखवा. आणि जत्रा! देवळाजवळ रात्रभर दशावताराचं नाटक, पायपेटी-मृदंग-झांज सगळं लाइव्ह, बाईचं कामही पुरुषच करतो आणि बरेचसे संवाद तिथल्या तिथे सुचलेले. जत्रा तिथीवर असते, मामांना आधी फोन करा, सगळी भावंडं तेव्हाच जमतात. पहाटे थंडी वाजते, चादर न्या, आणि येताना गुळाचं खाजं.